मर्दिनी खेळ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या घरात बाराखडीचा तक्ता नव्हता. हुंड्याविरुद्धची, रॉकेलच्या भावाविरुद्धची, दारूच्या गुत्त्याविरुद्धची पत्रकं मात्र पलंगाखाली, शिलाई मशीनखाली, अगदी पिठाच्या डब्यावरही रचलेली असायची. आई महिला मंडळाचं काम करायची आणि पनवेलच्या बाजारातल्या छापखान्यातून निघालेले गठ्ठे आधी आमच्याकडे उतरायचे. अक्षरं जुळवून मी वाचलेला पहिला शब्द 'भगिनींनो' होता. त्याच्यापुढे उद्गारचिन्ह असायचं. त्यामुळे बहिणींना हाक मारायची ती ओरडूनच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

बारावीत गेले तोवर पत्रकं मीच लिहायला लागले होते. आई ती वाचून म्हणायची, "छान आहे. आता यातली निम्मी आग काढ आणि वेळ-ठिकाण घाल."

आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर तांदळाचे व्यापारी राहायचे. त्यांच्या घरातल्या मोठ्या बाईंना सगळे काकू म्हणायचे. त्यांची सून कोल्हापूरची. तिला मी वहिनी म्हणायचे. वहिनीचे वडील तालमीतले वस्ताद होते. लाठी, भाला, दांडपट्टा, असले युद्धाचे खेळ ते शिकवायचे. या सगळ्याला तिकडे मर्दानी खेळ म्हणतात. वहिनी ते लहानपणापासून खेळत आली होती. मुलगा नव्हता म्हणून वडिलांनी मुलीला शिकवलं असणार, असं आमच्या गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं. वहिनीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला दोन भाऊ हायत की. त्यांना येत न्हाई."

तिच्या लग्नात रुखवतावर लाडू, चिरोटे आणि लोकरीचे ससे यांच्या मधोमध एक दांडपट्टा ठेवलेला होता. पट्टा म्हणजे लांब, लवणारं, दुधारी पातं आणि कोपरापर्यंत हात झाकून टाकणारी लोखंडी मूठ. काकूंना वाटलं, शोभेची वस्तू आहे. लग्नानंतर तो माळ्यावर गेला. दसऱ्याला तेवढा खाली यायचा. तांदळाच्या दुकानातला तराजू, वजनं, पायलीचं माप यांच्या ओळीत त्याला बसवायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची फुलं वाहायची आणि दुसऱ्या दिवशी परत माळ्यावर. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षं वहिनीने पट्ट्याची पूजा केली होती आणि एकदाही तो हातात चढवला नव्हता.

"हात विसरायला लागलाय बघ," ती एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालताना म्हणाली. "स्वप्नात फिरवते, तर उलटा फिरतोय. तुझी आई बायकांचे कार्यक्रम करते न्हवं? त्यात एकदा माझा खेळ घाल की. एकदा लोकांसमोर खेळले, तर मग घरात रोज करते म्हणून तोंड उघडता येईल."

तिला हवं होतं ते एवढंच. रोज सराव करायची मोकळीक. पण त्यासाठी काकूंनी हो म्हणायला हवं होतं, आणि सुनेने पट्टा फिरवावा याला काकूंनी हो म्हणणं म्हणजे काय, हे त्या घराचा जिना चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आईला कल्पना आवडली. नवरात्र जवळ आलं होतं. मंडळातल्या काही जणींना देवीच्या दिवसांत कार्यक्रम घेणं पटत नव्हतं. मलाही पटत नव्हतं. आई म्हणाली, "बायका आत्ता घराबाहेर पडतात. दिवाळीनंतर एकीलाही वेळ नसतो." ललितापंचमीला दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. विषय होता, इतिहासातल्या आणि कलेतल्या लढणाऱ्या स्त्रिया. आधी मी केलेलं चित्रांचं प्रदर्शन, मग वहिनीचा खेळ.

चित्रांसाठी मी वाचनालय पालथं घातलं. इतिहासात लढणारी बाई म्हटलं की आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकच असायची, पाठीला बाहुली बांधलेली राणी. दरवर्षी निदान तिघी तरी त्या वेशात यायच्या. मला इतर कोणीतरी हवी होती. वीरगळांचे फोटो मिळाले. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. खालच्या चौकटीत तो लढतो, वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. दगडच्या दगड पाहिले, त्यात तलवार घेतलेली बाई सापडेना. बाईसाठी वेगळा दगड होता, सतीचा. त्यावर कोपरात दुमडलेला एक हात, बांगड्यांनी भरलेला, बाकी काही नाही. त्या रात्री मी जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उपास नवरात्रात करतात."

शेवटी लढणारी बाई भरपूर सापडली ती देवळांच्या भिंतींवर. महिषासुराला मारणारी देवी. आठ हातांची, दहा हातांची, रेड्याच्या पाठीवर पाय देऊन उभी. मी तिची सहा-सात चित्रं मोठ्या कागदांवर उतरवली. मूळ मूर्तींचे चेहरे मला मिळमिळीत वाटले, म्हणून मी डोळे विस्फारले, भुवया चढवल्या, ओठ आवळले. वहिनी ती चित्रं बघायला आली.

"पुस्तकातली दाखव," ती म्हणाली. मी फोटो दाखवला. दगडातली देवी रेड्याच्या मानेत त्रिशूळ खुपसत होती आणि तिचा चेहरा भाकरी भाजणाऱ्या बाईसारखा होता.

"ही खरी खेळणारी," वहिनी म्हणाली. "तुझी चिडलीय."

"राग नसेल तर लढायचंच कशाला?"

"राग येऊ दे की. पण चिडून काठी फिरवली ती दोनदा माझ्या बाच्या नाकावर बसलीय. तेच्या नाकाला इथं बाक हाय बघ." तिने स्वतःच्या नाकावर जागा दाखवली.

मी चित्रं बदलली नाहीत. राणी म्हणा, देवी म्हणा, बाईने शस्त्र उचललं की चित्रकार तिचा चेहरा शांत करून टाकतो, म्हणजे बघणाऱ्याला भीती वाटायला नको. असं माझं मत होतं. आजही ते निम्मं तरी शिल्लक आहे.

मग पत्रक लिहायला बसले. 'मर्दानी खेळांचे प्रात्यक्षिक' असं लिहिलं आणि अडले. बाईच्या हातातल्या पट्ट्याला मर्दानी का म्हणायचं? ती लढली की तिला मर्दाचं विशेषण लावायचं, आणि पुन्हा तो तिचा गौरव समजायचा. समोर भिंतीवर माझी सगळी चित्रं टांगलेली होती. महिषासुरमर्दिनी. मर्दिनी म्हणजे चिरडणारी. त्या शब्दाला मर्दाकडून काही उसनं घ्यावं लागत नाही. मी मर्दानी खोडलं आणि 'मर्दिनी खेळ' लिहिलं. आई म्हणाली, "अगं, त्या खेळाचं नावच मर्दानी आहे. तू नाव बदललंस तर कोणाला कळणार?" मी म्हटलं, "नाव बदलल्याशिवाय काही बदलत नाही." आईने कांदा चिरायला घेतला.

छापखान्याचे मालक कोकणी मुसलमान होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. स्वतःच खिळे जुळवायचे. माझा कागद चष्म्याजवळ धरून त्यांनी विचारलं, "बेटी, इथे काना की वेलांटी? मर्दानी ना?"

"वेलांटी. मर्दिनी. मर्दानीतला मर्द फारसी आहे, हा शब्द संस्कृत आहे. दोन्हींचा काही संबंध नाही."

"म्हणजे आमचा मर्द काढायचा आणि तुमची मर्दिनी बसवायची?"

"हो."

"बसवू," ते म्हणाले आणि खणातून वेलांटीचा खिळा काढला. "वजन सारखंच आहे."

पत्रकं मी एसटी स्टँडवर, भाजी बाजारात, मासळी बाजारात वाटली. एक काकूंच्या दारातही सरकवलं. संध्याकाळी काकू स्वतः खाली आल्या. हातात पत्रक होतं. वहिनी त्यांच्या मागे जिन्यात उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"हे मर्दिनी म्हणजे देवीचंच ना?" काकूंनी आईला विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शब्द देवीच्याच नावातला आहे, काकू."

"मग हरकत नाही," काकू म्हणाल्या. "मला ही म्हणत होती मर्दानी. मी म्हटलं, आमच्या घरातली सून मर्दानी? देवीची सेवा असेल तर करू दे." त्यांनी जाताना पत्रकाची घडी करून ते देव्हाऱ्यात ठेवायला नेलं. जिन्यातून वहिनीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मला त्या दिवशी शब्दांच्या ताकदीबद्दल फार मोठा विश्वास वाटला.

पंचमीला दुपारी हॉल भरायला लागला तेव्हा मी दारात उभी होते. पहिल्याच बाईच्या हातात ताट होतं. ताटात नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या.

"देवी कुठे बसवलीय?" तिने विचारलं.

"इथे देवी नाही. खेळ आहे."

"तेच ते. मर्दिनी खेळणार आहे ना?" तिने माझंच पत्रक माझ्यापुढे धरलं.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या भागात देवी अंगात येऊन एखादी बाई घुमायला लागली की म्हणतात, ती खेळते. हे मला जन्मापासून माहीत होतं. पत्रक लिहिताना मात्र ते डोक्यात आलं नव्हतं. अर्ध्या पनवेलने माझ्या पत्रकाचा अर्थ असा लावला होता की तांदूळवाल्यांच्या सुनेच्या अंगात देवी येते आणि ती पंचमीला शाळेच्या हॉलमध्ये खेळणार आहे.

बायकांनी प्रदर्शनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या विस्फारलेल्या डोळ्यांच्या देवींपुढे दोघींनी उदबत्त्या मात्र लावल्या. वहिनी व्यासपीठाच्या कडेला उभी होती. तिच्यापुढे रांग लागली. एक बाई तिची ओटी भरायची, दोन बांगड्या तिच्या हातात चढवायची, पाया पडायची आणि बाजूला व्हायची. वहिनीला पाय मागे घ्यायलाही जागा नव्हती.

"माझ्या धाकट्याचा दुबईचा व्हिसा येईल का, तेवढं सांगा," एकीने विचारलं.

"मला कुठनं कळणार ओ?" वहिनी म्हणाली.

मागच्या दोघी कुजबुजल्या. "घाटावरची दिसते देवी."

"तुळजापूरची असेल. बोलणं बघ ना."

काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या सुनेच्या पाया कोणी पडत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. अभिमान होता. थोडी धास्तीही होती. या बाईला आता घरी भांडी कशी घासायला लावायची, असा काहीतरी विचार असावा.

मी आईच्या कानाशी गेले. "माईकवरून सांगते. हा अंगात येण्याचा प्रकार नाही म्हणून. आपण असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं काढतो."

"तू सांगशील, बायका उठून जातील," आई म्हणाली. "मग ती कोणापुढे खेळणार?"

वहिनीच्या दोन्ही हातांत एव्हाना कोपराच्या जवळपास बांगड्या चढल्या होत्या. टेबलावर पट्टा होता. त्याच्या पात्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. तिने उजवा हात मुठीत घालून पाहिला. जाईना. लोखंडी मूठ हातावर घट्ट बसावी लागते, बांगड्यांना तिच्यात जागा नसते. तिने पुन्हा प्रयत्न केला. काचेचा आवाज झाला, तशी पुढच्या बायका दचकल्या. बांगडी फुटणं कोणालाच नको होतं, नवरात्रात तर नकोच. वहिनीने हात बाहेर काढला आणि ती नुसतीच उभी राहिली. पुढची बाई आणखी दोन बांगड्या घेऊन तयार होती.

तेव्हा पुढे जमिनीवर बसलेली एक बाई बोलली. ती करंजा या बंदरगावची, सुकी मासळी विकायला पनवेलला यायची. मासळी बाजारात मीच तिला पत्रक दिलं होतं आणि वाचूनही दाखवलं होतं. रिकामी टोपली शेजारी ठेवून ती केव्हाची वाट बघत होती.

"अवो, मी ओटी नाय आनली. मी पट्टा बगायला आले. माझी गाडी जाईल."

"देवीला घाई करू नये," कोणीतरी म्हणालं.

"देवीच्या हातान हत्यार पायजे ना? तुमी नुसत्या बांगड्या भरून ऱ्हायल्या. त्यो रेडा काय बांगड्यांनी मरंल?"

हॉलमध्ये हसू पसरलं. वहिनी हसली नाही. ती काकूंकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "उजव्या हातातल्या बांगड्या उतरवू का?"

सगळ्या बायका काकूंकडे वळल्या. सवाष्णीने नवरात्रात हात मोकळा करायचा, तोही चारचौघींत.  काकू उठल्या, ओटीच्या ताटातल्या दिव्याचं थोडं तेल बोटावर घेतलं, सुनेच्या उजव्या हाताला लावलं आणि एक एक बांगडी स्वतः उतरवली. एकही फुटू दिली नाही. उतरवलेल्या सगळ्या त्यांनी आपल्याच हातात चढवल्या, आधीच्या बांगड्यांवर.

"माझ्या हातात आहेत तोवर तुझ्याच हातात आहेत," त्या म्हणाल्या. "खेळ."

"मागं सरा," वहिनी म्हणाली. "लांब सरा. लागंल."

देवीची आज्ञा म्हणून बायका भिंतीपर्यंत मागे गेल्या. मधे चांगली ऐसपैस जागा झाली. वहिनीने पदर खोचला, पट्ट्याला नमस्कार केला आणि मूठ चढवली. पहिले दोन हात अडखळले. तिसऱ्याला पातं वाकलं आणि हवेत एक सलग वेटोळं तयार झालं. डोक्यावरून, पाठीमागून, पायांखालून. हॉलमध्ये दुसरा काही आवाज नव्हता, फक्त पात्याचा होता, कोणी लांबवर साडी झटकत असल्यासारखा. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे काहीच चढलं-उतरलं नाही. एकदा ती गुडघ्यावर बसून फिरली आणि उठताना तिला धाप लागलेली दिसली. तेवढंच.

खेळाचा शेवट लिंबू कापून करायचा असतो. माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवायचं आणि पट्ट्याने त्याचे दोन तुकडे करायचे, हाताला ओरखडा न येता. आम्ही आधीच ठरवलं होतं की लिंबू नारळावर ठेवायचं. मी लिंबू घेऊन पुढे झाले, तोच काकू उठल्या. त्यांनी माझ्याकडून लिंबू घेतलं, आपल्या तळहातावर ठेवलं आणि हात लांब केला. मनगटावर सुनेच्या आणि त्यांच्या स्वतःच्या बांगड्या एकमेकींवर चढल्या होत्या.

"काप," त्या म्हणाल्या.

वहिनीने पट्टा खाली केला. "नको, आई."

"का? देवी घरच्या माणसाचा हात कापते का?"

बायकांनी हात जोडले. हॉलमधल्या प्रत्येकीची खात्री होती की हात कापला जाणार नाही. खात्री नव्हती ती एकटीला, जिच्या हातात पट्टा होता. तिने पट्टा फिरवला असता आणि नेम लागला असता, तर त्या दिवसापासून ती देवीच झाली असती. नसता लागला तर काय, ते मला आजही मनात आणवत नाही.

"देवी न्हाई कापणार," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "पण मी चार वर्षं माळ्यावर हाय, आई. माझा हात पूर्वीचा ऱ्हायला न्हाई. रोज चालवू द्याल, तर पुढच्या नवरात्रात तुमच्या हातावरचं लिंबू काढते. आज नको."

काकूंचा हात तसाच पुढे होता. मागे कोणीतरी म्हणालं, "देवी नाही कशी म्हणते?"

करंज्याच्या बाईने टोपली उचलली. "काकी, हात मागं घे," ती म्हणाली. "ती खरा सांगते."

काकूंनी मूठ मिटली आणि लिंबू कमरेला खोचलं. मी नारळावर दुसरं लिंबू ठेवलं. वहिनीने ते कापलं. थोडं वाकडं कापलं गेलं. नारळावर पात्याची खूण उमटली, ती काकू जवळ जाऊन बघून आल्या. बायकांनी टाळ्या वाजवाव्यात की नमस्कार करावा, ते त्यांना कळेना. काहींनी दोन्ही केलं.

संध्याकाळी मी नवं पत्रक लिहायला घेतलं. देवी नव्हती, बाई होती, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. आई म्हणाली, "लिही, पण तिला विचारून." वहिनी ते वाचून म्हणाली, "अजून हो म्हटल्यालं न्हाई त्यांनी. थांब जरा." मी थांबले. माझ्यासारखीला थांबणं किती जड जातं, हे सांगत बसत नाही.

दसरा झाला. तराजू, वजनं, माप पुसून दुकानात गेली. पट्टा देव्हाऱ्याशेजारीच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा आवाज जिन्यात आला.

"पहाटे करत जा. कोणी उठायच्या आत."

"पहाटे गच्चीला दव असतंय. पाय घसरतो," वहिनी म्हणाली. "उन्हं आल्यावर करीन."

"म्हणजे सगळी गल्ली बघणार."

"बघू देत की."

 मग काकू म्हणाल्या, "त्या साडीत पाय अडकतात तुझे. परवा मी बघत होते. माझं जुनं नऊवारी काढून देते, काष्टा घाल."

मी गच्चीवर गेले तेव्हा काकू स्टुलावर चढून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडत होत्या. दोन खिळ्यांच्या गाठी इतक्या जुन्या झाल्या होत्या की त्या सुरीने कापाव्या लागल्या. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "काकू, आता धुणं कुठे वाळत घालणार?"

"गॅलरीत," काकू म्हणाल्या आणि दोरी हाताला गुंडाळायला लागल्या.